रंग उडण्याची वाट पाहणारी प्रयोगशाळा

वर्ध्याच्या भोवतालच्या गावांना शेपूट असतं. बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, उमरी मेघे. ते लावलं नाही तर पत्र भलत्याच बोरगावला जायचं; विदर्भात बोरगावं काय कमी आहेत? सारख्या नावांच्या गर्दीत आपलं गाव ओळखू यावं म्हणून लावलेली ती खूण आहे. प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य असल्याच खुणा लावण्यात जातं. रक्ताच्या थेंबात कोट्यवधी रेणू एकमेकांना खेटून असतात आणि दिसत त्यातला एकही नाही. आपल्याला हवा तो कोणता हे कळायचं तर त्याला काहीतरी चिकटवावं लागतं. ते चमकणारं असेल, किरणं सोडणारं असेल, नाहीतर रंग बदलणारं असेल. कोणती प्रयोगशाळा कोणती खूण निवडते यावरून तिची ऐपत कळते, शेजार कळतो आणि स्वभावही कळतो.

बोरगावपासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या एका प्रयोगशाळेची वाटचाल मला या अंगानं सांगायची आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा जीवरसायनशास्त्र विभाग आणि त्यातून उभं राहिलेलं जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला आश्रम दाखवतो, बापूकुटी दाखवतो, मगन संग्रहालयात नेतो. या केंद्रात कुणी कुणाला नेत नाही. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर एका प्लास्टिकच्या काडीवरचा निळा रंग उडतो, तो.

गोष्ट सुरू करायची तर कस्तुरबांपासून करावी लागते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्या पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असतानाच वारल्या. शेवटच्या दिवसांत त्यांच्यासाठी विमानानं पेनिसिलिन मागवलं होतं. तेव्हा ते औषध नवीन आणि दुर्मीळ होतं, आणि काही तासांच्या अंतरानं सुईनं टोचायचं होतं. गांधीजींना ते पटलं नाही, औषध दिलं गेलं नाही. गांधीजी सुटून सेवाग्रामला परतल्यावर बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात खेड्यातल्या बायामुलांसाठी दवाखाना सुरू झाला आणि त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं. पेनिसिलिनचा हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो भलत्याच ठिकाणी सापडणार आहे.

त्या दवाखान्याचं रुग्णालय झालं. डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या वैद्य, १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री. त्यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. खेड्यात काढलेलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्या तुकडीत साठ मुलं. खादी, आश्रमात राहून शिबिर, श्रमदान, सर्वधर्मप्रार्थना, प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक. प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा पेपर असायचा, त्याची टिंगलही पुष्कळ झाली. पण खेड्यात कॉलेज काढण्याचा एक परिणाम टिंगल करणाऱ्यांच्या लक्षात आला नाही. शहरातल्या कॉलेजात रोग पुस्तकातून प्रयोगशाळेत येतो; इथे तो ओपीडीच्या दारातून पाय ओढत येत होता. शब्दशः. वर्धा-नागपूरचा हा पट्टा हत्तीरोगाचा.

हत्तीपाय कुणी पाहिला नाही असं आमच्याकडे घर सापडणं कठीण. आजीच्या पिढीत तर एखाद्या गल्लीचा पत्ता 'हत्तीपायवाल्या काकूच्या घरापासून डावीकडे' असा सांगत. पुरुषांत अंडवृद्धी, त्याबद्दल कुणी बोलत नसे, धोतर मात्र ढगळ नेसत. कारण एक बारीक कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, पण सुतासारखी. लसिकावाहिन्यांत घर करते आणि वर्षानुवर्षं राहते. तिची पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलारिया, एक मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्यांना एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो.

या पिल्लांची एक खोड आहे. दिवसा ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्र झाली की कातडीजवळच्या रक्तात उतरतात, डासाच्या जेवणाच्या वेळी. त्यामुळे तपासणीही रात्रीच. साडेआठनंतर आरोग्य खात्याचं पथक कंदील-बॅटऱ्या घेऊन दारोदार हिंडणार, झोपलेल्या माणसाला उठवणार, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा जाड थेंब घेणार. कुत्री भुंकतात, मुलं रडतात, म्हातारे शिव्या घालतात. एवढं करून हाती काय येतं? ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत त्यालाच रोग आहे असं कळतं. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला त्याच्या रक्तात बहुतेकदा पिल्लू नसतंच. ज्याच्या अंगात कृमी आहे पण अजून पिल्लं बाहेर पडलेली नाहीत, तोही निसटतो. ज्यांना झोपेतून उठवलं त्यातले कित्येक फुकट उठवले जातात आणि ज्यांना धरायला हवं ते सुटतात.

या पेचाशी झुंजायला जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बी. सी. हरिनाथ उभे राहिले. प्रश्न सरळ होता: कृमी दिसत नसेल तर त्याचा मागमूस रक्तात शोधता येईल का? आणि तोही दिवसा, ओपीडीच्या वेळेत?

मागमूस दोन प्रकारचे. एक, कृमीविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी. दुसरा, कृमीनं स्वतः सोडलेला माल, म्हणजे अँटिजन. अँटिबॉडी शोधणं सोपं, पण इथे डास सगळ्यांनाच चावतो, त्यामुळे धडधाकट माणसातही त्या सापडतात आणि रोग गेल्यावरही रेंगाळतात. अँटिजन सापडला तर चोर घरात आहे असं म्हणता येतं. पण तो मिळवायचा कुठून? हा कृमी उंदरात वाढत नाही, बाजारात मिळत नाही. सेवाग्रामच्या मंडळींनी वाट काढली ती शेजाराच्या जोरावर. रात्रीच्या रक्तात पिल्लं असलेली माणसं आसपासच होती. त्यांच्या रक्तातून पिल्लं गाळून घ्यायची, काचपात्रातल्या पोषक द्रवात जिवंत ठेवायची आणि ती जे उत्सर्जन-स्राव त्या द्रवात सोडतील ते जमा करायचं. हा कच्चा माल बोस्टनच्या किंवा लंडनच्या प्रयोगशाळेला सहज मिळणारा नव्हता. खेड्यात असण्याचा फायदा असा, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

आता खुणेचा प्रश्न. सुरुवातीच्या कामात चमकणारी खूण आहे: फ्लुओरेसंट रंग जोडलेली अँटिबॉडी, अतिनील प्रकाश, खास सूक्ष्मदर्शक, अंधारी खोली. काम चोख होतं, पण ती खोली गावोगाव नेता येत नाही. दुसरी जगन्मान्य खूण किरणोत्सर्गी. आयोडिन १२५ चा किरणोत्सर्ग दर साठ दिवसांनी निम्मा होतो, फॉस्फरस ३२ चा सव्वाचौदा दिवसांत. ट्रॉम्बेहून किंवा हैदराबादहून निघालेली शिशाची डबी वर्ध्याला पोहोचेपर्यंत तिच्यातली जादू ओसरायला लागलेली असते. वर मोजणी यंत्र हवं, परवाना हवा, कचऱ्याची वेगळी व्यवस्था हवी.

तिसरी खूण एन्झाइमची. अँटिबॉडीला एक एन्झाइम बांधून द्यायचं आणि त्या एन्झाइमनं रंग बदलला की समजायचं, माल सापडला. हीच एलायझा. जगभर त्यासाठी मुळ्याच्या जातीच्या एका झाडातलं पेरॉक्सिडेज वापरत. त्याचा रंग उमटवायला लागणारी रसायनं नाजूक, काही तर आरोग्याला धोक्याची. सेवाग्रामनं निवडलं पेनिसिलिनेज.

पेनिसिलिनेज म्हणजे खरं तर खलनायक. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी ते ओळखलं. जंतू हे एन्झाइम सोडतात आणि पेनिसिलिन मोडून टाकतात. औषध चालेनासं होण्यामागे हाच उपद्व्याप. मोडलेल्या पेनिसिलिनचं पेनिसिलोइक आम्ल होतं, आणि ते आयोडिनला खाऊन टाकतं. इथे स्वयंपाकघर उपयोगी पडतं. साबुदाण्याच्या खळीत आयोडिनचे थेंब टाकले की गर्द निळा रंग येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्या निळ्या द्रवात पेनिसिलिन घालून ठेवा. पेनिसिलिनेज आलं की पेनिसिलिन मोडणार, आम्ल आयोडिन खाणार, निळा रंग उडणार. रंग उडाला की रोग आहे. रंग टिकला की घरी जा.

सगळी सामग्री स्वस्त. पेनिसिलिन तर १९५५ पासून पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तयार होत होतं. एन्झाइम टिकाऊ, माणसाच्या रक्तात एरवी जवळजवळ नसतंच, त्यामुळे घोटाळा कमी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रंग वाचायला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. कस्तुरबांना जे टोचलं गेलं नाही ते औषध त्यांच्या नावाच्या रुग्णालयात असं, बाटलीतल्या निळ्या पाण्यात विरघळून, कामाला लागलं. योगायोगांवर माझा फार विश्वास नाही, पण हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८४ मध्ये रेड्डी, मल्होत्रा आणि हरिनाथ यांचा रक्तातला फायलेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाचा, अँटिजन सँडविच एलायझानं शोधण्यावरचा निबंध आला. सँडविच म्हणजे पावाच्या दोन कापांत भाजी: खाली एक अँटिबॉडी, मध्ये पकडलेला अँटिजन, वर खूण लावलेली दुसरी अँटिबॉडी. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, पारखे, प्रसाद आणि इतरांनी ही कसरत चकती आणि काडीवर आणली. प्लास्टिकच्या काडीच्या टोकाला पातळ पडद्याचा तुकडा, त्यावर सुकवलेला थेंब. काडी पातळ केलेल्या रक्तद्रवात बुडवा, धुवा, पेनिसिलिनेजवाल्या अँटिबॉडीत बुडवा, धुवा, निळ्या द्रवात सोडा आणि चहा घेऊन या. पुढे या संचाला 'सेवा फायलाचेक' असं नाव मिळालं. नाव सेवाग्रामचं, आणि अर्थही लागतो.

या काडीनं काही विचित्र गोष्टी उजेडात आणल्या. पाय सुजलेला नाही, रात्रीच्या काचेवर काही नाही, पण सांधे दुखतात, खोकला जात नाही, लघवी दुधासारखी होते. अशा काही रोग्यांच्या रक्तात फायलेरियाचा मागमूस सापडू लागला. छुपा फायलेरिया हा शब्द सेवाग्रामच्या लेखनात वारंवार येतो. याची व्याप्ती त्यांनी जरा ताणली असं माझं मत आहे. हातात हातोडी असली की सगळीकडे खिळे दिसतात. पण रोग म्हणजे फक्त सुजलेला पाय नाही, हे ठसवण्याचं श्रेय त्यांना द्यावंच लागेल.

आता थोडं गाव सोडून लांब जायचं आहे. सेवाग्रामला हे चाललं होतं त्याच सुमारास, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लँगर, वॉलड्रॉप आणि वॉर्ड यांनी एक निराळी खूण तयार केली. प्रथिनांना नव्हे, थेट डीएनए आणि आरएनएला लावायची. आणि ती निघाली अंड्यातून.

कच्च्या अंड्याचा पांढरा भाग उंदरांना फार दिवस खाऊ घातला तर त्यांचे केस गळतात, कातडी सोलते, हे १९२७ च्या सुमारास दिसलं होतं. पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं धरून ठेवतं की शरीराला ते मिळतच नाही. शिजवलं की अ‍ॅव्हिडिनची मगरमिठी सुटते. (तालमीतल्या पैलवानांनी घाबरू नये. सकाळच्या दोन-चार कच्च्या अंड्यांनी काही होत नाही. त्यावरच जगायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी.) १९३६ मध्ये क्योगल यांनी अडीचशे किलो सुकवलेल्या बलकातून जेमतेम एक मिलिग्रॅम शुद्ध बायोटिन काढलं. अ‍ॅव्हिडिन आणि बायोटिन यांची पकड ही निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक. एका जंतूतलं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे अ‍ॅव्हिडिनचं सख्खं भावंड तितकंच चिवट, पण इकडे-तिकडे कमी चिकटणारं, म्हणून प्रयोगशाळेत त्याचीच चलती.

येलच्या मंडळींनी काय केलं, तर आरएनएच्या चार अक्षरांपैकी यू या अक्षराला बायोटिनची शेपटी लावली. कुठे लावली यात खरी हुशारी आहे. अक्षराची एक बाजू समोरच्या साखळीतल्या जोडीदाराचा हात धरते. तिथे काही अडकवलं तर जोडीच जमणार नाही. म्हणून शेपटी लावली पाचव्या कार्बनवर, जोडीदाराच्या विरुद्ध अंगाला. आणि मध्ये एक लांब दांडी ठेवली, कारण स्ट्रेप्टॅव्हिडिनची खाच खोल असते. बायोटिन साखळीला खेटून असेल तर त्या खाचेत पोहोचणारच नाही. आज ही अक्षरं अकरा किंवा सोळा अणूंच्या दांडीसह विकत मिळतात.

प्रत्यक्ष काम असं चालतं. हव्या त्या डीएनएचा साचा घ्यायचा, त्यात टी-सेव्हन विषाणूचं आरएनए बनवणारं एन्झाइम आणि चारही अक्षरं घालायची. यू मात्र सगळं शेपटीचं घालायचं नाही. थोडं शेपटीवालं, बाकी साधं. सगळंच शेपटीचं घातलं तर एन्झाइम अडखळतं, तयार झालेली साखळी इतकी केसाळ होते की तिला जोडीदार बिलगत नाही. दोनेक तास उबदार ठेवलं की खुणेचा आरएनए तयार. मग न वापरलेली सुटी अक्षरं काढून टाकणं अत्यावश्यक. ती राहिली तर पुढे स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या खाचा तीच अडवून बसतात आणि खऱ्या साखळीला जागा उरत नाही. लग्नात वऱ्हाड यायच्या आधी गावकरी जेवून गेले, तसं. नवखा विद्यार्थी इथे आणखी एक चूक करतो. आरएनए शुद्ध करायची जुनी रीत म्हणून फिनॉल घालतो आणि मग त्याचा माल गायब होतो, कारण बायोटिनानं लदलेली साखळी पाण्याऐवजी फिनॉलच्या बाजूला सरकते.

याहून मोठा शत्रू आपलं बोट. माणसाच्या कातडीवर आरएनए कुरतडणारी एन्झाइमं असतात आणि ती उकळूनही सहजी मरत नाहीत. म्हणून हातमोजे, रसायन घालून निर्जंतुक केलेलं पाणी, भट्टीत भाजलेली काच. आरएनएचं काम करणारा माणूस सोवळ्यातल्या आजीसारखा वागतो. अमक्याला शिवू नको, ती बाटली माझी. आजीच्या सोवळ्याला कारण विचारलं तर ती ओरडायची, इथे निदान कारण सांगता येतं.

खूण साखळीभर नको, फक्त शेपटाला हवी असेल, म्हणजे आरएनएची घडी न बिघडवता त्याला कोणती प्रथिनं धरतात हे पाहायचं असेल, तर दुसऱ्या एन्झाइमनं टोकाला एकच बायोटिन जोडतात. मग स्ट्रेप्टॅव्हिडिन माखलेले चुंबकीय मणी सोडायचे आणि नळीच्या बाहेर लोहचुंबक धरायचा: आरएनए आणि त्याला बिलगलेली सगळी मंडळी भिंतीला येऊन चिकटतात. अडचण एकच. पकड इतकी घट्ट की नंतर सोडवता सोडवत नाही. उकळावं लागतं, नाहीतर मुद्दाम थोडं कमकुवत केलेलं बायोटिन वापरावं लागतं.

किरणोत्सर्गी खुणेच्या मानानं सुरुवातीला हिची नजर कमी तीक्ष्ण होती. पण फ्रीझरात वर्षभर टिकते, शिशाची डबी नको, परवाना नको. पेनिसिलिनेज निवडताना सेवाग्रामनं जो हिशेब केला तोच इथेही दिसतो. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याची गरज नव्हती. पुढे जनुकांच्या चिपांवर बायोटिनवाला आरएनए पसरून एका वेळी हजारो जनुकांची हालचाल वाचू लागले. २०२० मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीच्या शास्त्रज्ञांनी कोविडसाठी केलेल्या 'फेलुदा' चाचणीच्या पट्टीवरही एका बाजूला बायोटिनच होतं. आणि उलटा त्रासही सुरू झाला. केस दाट व्हावेत म्हणून लोक बायोटिनच्या गोळ्या खातात, ते रक्तात उतरतं आणि बायोटिनवर चालणाऱ्या हृदयाच्या, थायरॉइडच्या तपासण्या चुकतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल जाहीर इशारा दिला. रक्त द्यायच्या आधी गोळ्यांचं नाव सांगा, हे आपल्याकडच्या पॅथॉलॉजीवाल्यांनी फलकावर लिहायला हरकत नाही.

सेवाग्रामला परत येऊ.

हत्तीरोगाच्या शेजारी क्षय होताच. त्याच पद्धतीनं, जंतू वाढवून त्यानं द्रवात सोडलेला माल गोळा करून, केंद्रानं क्षयाचे अँटिजन वेगळे केले. त्यांना ईएस-३१, ईएस-४३ अशी रुक्ष नावं आहेत. 'सेवा टीबी एलायझा' याच अँटिजनांवर उभी राहिली, आणि पेनिसिलिनेजची काडी इथेही आली. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात, मेंदूच्या आवरणाच्या किंवा हाडांच्या, थुंकीत काही सापडत नाही. तिथे डॉक्टरांना आधार हवाच होता. २००६ मध्ये तीन अँटिजनांविरुद्धच्या शुद्ध अँटिबॉडींचं मिश्रण वापरून रोग्याच्या नमुन्यात थेट जंतूचा माल शोधण्याचा निबंधही निघाला.

पण वारं फिरलं. क्षयासाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या बाजारू चाचण्यांचा देशभर सुळसुळाट झाला होता. खोटे होकार, खोटे नकार, गरिबाच्या खिशाला चाट. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा चाचण्या वापरू नका असं बजावलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या आयात, निर्मिती, विक्रीवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. पण एका अख्ख्या विचाराची बाजारातली पत त्यानं गेली, आणि तीस वर्षं त्या विचारावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना ते लागलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांची जागा घेतली न्यूक्लिक आम्लांनी: जंतूचा डीएनए वाढवून ओळखणारी यंत्रं, त्यात गोव्याच्या मोलबायोचं ट्रुनॅटही आलं.

डीएनएची चाचणी चोख असते, पण तिलाही एक आंधळा कोपरा आहे. रोगी बरा झाला, जंतू मेले, तरी त्यांचा डीएनए काही काळ सापडत राहतो. घर रिकामं झालं तरी दारावरची पाटी तशीच. आरएनए मात्र नाशवंत. पेशी मेली की तो बहुतेकदा लवकर कुजतो. म्हणून जिवंत काय आहे हे विचारायचं असेल तर आरएनएला विचारावं लागतं, आणि त्याला विचारायची एक रीत म्हणजे ती बायोटिनची शेपटी. ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या दुसऱ्या कृमीचा जीनोम २००७ मध्ये वाचून झाला. तो कृमी जनावरांत वाढवता येतो, म्हणून कृमीवरच्या औषधांच्या प्रयोगांत सेवाग्रामलाही त्याचीच पिल्लं कामी आली. जीवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं केंद्रात जैवमाहितीशास्त्राचा विभाग सुरू झाला. २०२० मध्ये कोविडच्या आरटीपीसीआर तपासण्या सेवाग्रामला होऊ लागल्या तेव्हा सोवळ्यातलं आरएनएचं काम जिल्ह्याच्या रोजच्या कामाचा भाग झालं. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या मुळाशीही साच्यावरून आरएनए उतरवण्याची तीच युक्ती, फक्त शेपटी न लावता. आमच्या बोरगावात औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना या शब्दांची आता भीती वाटत नाही.

आणि हत्तीरोग? २००४ पासून वर्षातून एकदा गोळ्या वाटणं सुरू झालं. २०१५ पर्यंत तो संपवायचा होता, आता मुदत २०२७ ची आहे. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र द्यायला लागले. रोग हटला की नाही हे पाहायला अँटिजनची पट्टी वापरतात, दिवसा, बोटाच्या एका थेंबावर, काही मिनिटांत. ती परदेशी कंपनीची आहे. १९८६ मध्ये काडीच्या टोकावर असाच थेंब सुकवून बसलेल्या माणसांचं केंद्र हाकेच्या अंतरावर असताना ती पेटीतून येते, हे पाहून मला दर वेळी थोडं खटकतं.

तीन औषधांनंतर एक गंमत झाली. कृमी मेला तरी त्याचा अँटिजन रक्तात कित्येक महिने रेंगाळतो, त्यामुळे पट्टीवर रेघ आली तरी चोर घरात आहे की नुसती त्याची चप्पल दारात राहिली आहे, हे कळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची सूचना अशी की पट्टीवर रेघ आलेल्या प्रौढांचं रक्त पुन्हा रात्री काचेवर घ्यावं. म्हणजे साडेआठनंतर पथक निघणार, बॅटऱ्या घेऊन, कुत्र्यांच्या भुंकण्यातून, दारोदार. कुणीतरी झोपेतून उठून वैतागत बोट पुढे करणार, आणि सकाळी कुणीतरी त्या काचेवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली एक मिलिमीटरच्या पाव भागाएवढं पिल्लू शोधत बसणार.